लहान फाटकाचा एरर

दाखला देण्यात येतो की, कुमारी दर्शना रत्नदीप सोनावळे, वय सव्वीस, राहणार कळंबजवळ, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, शिक्षण बी.एस्सी. संगणकशास्त्र, पद कनिष्ठ आज्ञावलीकार, परिवीक्षाधीन, ही व्यक्ती आमच्या माहितीतील आहे. उंची मध्यम, बांधा मध्यम, आवाज मध्यमपेक्षा थोडा वर. तिच्याविरुद्ध कोणताही गुन्हा नोंद नाही. तिच्या कामात कंपायलरने दाखविलेल्या त्रुटी वेळोवेळी दूर करण्यात आल्या असून सध्या एक त्रुटी प्रलंबित आहे. सदर त्रुटी तिने स्वतःहून कायम ठेवली आहे. वर्तणूक चांगली. हा दाखला कोणत्याही कामी ग्राह्य धरू नये.

दाखल्यात जे बसत नाही ते पुढे.

दर्शना जिथे नोकरी करते ती कंपनी कर्जत गावात एका जुन्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आहे. खालच्या मजल्यावर ॲडव्होकेट आसावरी कारखानीस यांचं ऑफिस, वर त्यांचे चिरंजीव अनुपम यांची सॉफ्टवेअर कंपनी. जिन्यापाशी दोन पाट्या आहेत. आईच्या पाटीवर 'दिवाणी व महसुली दावे' असं लिहिलं आहे आणि मुलाच्या पाटीवर 'सोल्यूशन्स'. कधीकधी आईचे पक्षकार चुकून वर येतात, सोल्यूशन्स बघतात आणि निमूट खाली जातात.

कंपनीची गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक रिसॉर्टं. नेरळपासून कळंबपर्यंत आणि इकडे खालापूरच्या अंगालाही भाताची खाचरं विकली गेली आणि त्या जागी पोहण्याचे तलाव आले. तलावाला सॉफ्टवेअर लागत नाही, पण तलावाशी येणाऱ्या माणसांना लागतं. अशाच एका रिसॉर्टचं काम कंपनीकडे आलं. रिसॉर्टचं नाव 'निसर्गमौन रिट्रीट'. शनिवारी तिथे डीजे असतो.

निसर्गमौनच्या मुंबईकर मालकांना दोन्ही फाटकं कॉम्प्युटरवर चालायला हवी होती. एक मोठं फाटक, पाहुण्यांच्या गाड्यांसाठी. दुसरं मागचं, लहान. कार्ड दाखवलं की हिरवा दिवा लागणार, फाटक उघडणार. कार्ड नसलं की लाल दिवा, आणि फाटक बंदच.

आता हे लहान फाटक ज्या वाटेवर बसवलं होतं ती वाट रिसॉर्टच्या आधीची. अलीकडे गाव, मधे रिसॉर्ट, पलीकडे गावाची शेतं, आणि शेतांच्याही पुढे नदीच्या कडेला बौद्धवाड्याची स्मशानभूमी. मधली जमीन विकली गेली तेव्हा लोकांची जायची-यायची वाट सोडायची, हे सगळ्यांना मान्य होतं. वहिवाट म्हणतात तिला. पिढ्यान्‌पिढ्या लोक जिथून कुणाला न विचारता जात आले, तो जाण्याचा हक्क. आजही ती सगळ्यांना मान्य आहे. मालकांना मान्य, मॅनेजरला मान्य, ग्रामपंचायतीला मान्य. वहिवाट माहीत नव्हती ती फक्त सॉफ्टवेअरला.

हे दर्शनाच्या लक्षात आलं, कारण तिची आत्या चंद्राबाई रोज त्या वाटेने शेतावर जाते. एरवी कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

काम आधीच्या प्रोग्रॅमरने अर्धं करून ठेवलं होतं आणि तो पुण्याला गेला होता. पुण्याला गेलेल्या प्रोग्रॅमरला फोन लागत नाही. त्याने जावामध्ये एक 'एनम' लिहिला होता. एनम म्हणजे मोजक्या, ठरलेल्या पर्यायांची बंद यादी. आठवड्याचे वार जसे. सोमवार ते रविवार, त्याच्याबाहेर वार नाही. इथे यादी होती फाटकातून येणाऱ्या माणसाच्या प्रकारांची: गेस्ट, स्टाफ, व्हेंडर. पाहुणा, नोकर, माल आणणारा. पृथ्वीवरची माणसं एवढ्या तीन प्रकारांत बसतात असं रिसॉर्टचं मत होतं, आणि प्रोग्रॅमरने ते जसंच्या तसं उतरवलं होतं.

दर्शनाने रिसॉर्टचा मॅनेजर रुपेश याला फोन लावला. रुपेश खोपोलीचा, शिळफाट्याचा. टाय लावतो, पण बोलताना सैल करतो.

"रुपेशदादा, शेतावर जाणारी माणसं कशात धरायची?"

"कोण माणसं?"

"गावातली. वहिवाटीची."

"हां, ती. ती जातीलच की. आम्ही कुठं नाय म्हणतो?"

"मग लाल दिवा का लागणार त्यांना?"

"ते तुमी बघा ना ताई. सॉफ्टवेअर तुमचं हाय."

दर्शनाने बघितलं. तिने यादीत चौथा प्रकार घातला, आणि सरळ मराठीत लिहिला: वहिवाट. इंग्रजीत याला नेमकं काय म्हणावं ते तिला माहीत नव्हतं, आणि जावाला देवनागरी चालते एवढं माहीत होतं. तिच्या मशीनवर सगळं व्यवस्थित झालं. अनुपमच्या जुन्या लॅपटॉपवर मात्र कंपायलरने तेच नाव बघून 'बेकायदा अक्षर' असा शेरा मारला. कंपायलर म्हणजे प्रोग्रॅम चालू होण्याआधी तो ओळ न् ओळ तपासणारा. त्याचं समाधान झाल्याशिवाय काहीच पुढे सरकत नाही.

"बघ," अनुपम म्हणाला, "मराठी बेकायदा आहे म्हणतोय."

"मराठी नाही सर. तुमचा लॅपटॉप फाइल भलत्याच लिपीतली समजून वाचतोय. यूटीएफ-एट सांगा त्याला."

"त्यापेक्षा तू इंग्रजीत लिही ना. राइट ऑफ वे."

"शेतावर जाणाऱ्या एका बाईला तरी तसं म्हणताना ऐकलंय तुम्ही?"

अनुपमने सेटिंग बदललं. बेकायदा अक्षर कायदेशीर झालं. आता एकही एरर नव्हता, सगळं हिरवं. पहिल्याच दिवशी काम संपल्याचा आनंद दर्शनाला झाला आणि तिने चहा मागवला.

चहा येईपर्यंत तिने चाचणी घेतली. ऑफिसात एका पाटावर दोन दिवे जोडून नकली फाटक केलेलं होतं. वहिवाटीचं कार्ड दाखवलं, तर लाल दिवा. पुन्हा दाखवलं, पुन्हा लाल. कंपायलरची तक्रार नाही, आणि तरी माणूस बाहेर.

कारण शोधायला वेळ लागला नाही. प्रोग्रॅममध्ये जागोजागी 'स्विच' होते. स्विच म्हणजे फाटे: गेस्ट असेल तर हे करा, स्टाफ असेल तर ते करा. आणि प्रत्येक स्विचच्या तळाशी आधीच्या माणसाने एक ओळ टाकून ठेवली होती. डिफॉल्ट. म्हणजे वरच्यापैकी कोणीही नसेल तर 'अनोळखी' समजा आणि फाटक बंद ठेवा. यादीत चौथा आला तरी कंपायलरला चिंता नव्हती. त्याची सोय आधीच अनोळखीत झाली होती.

"इतर," दर्शना म्हणाली.

"काय?"

"काही नाही सर. ओळखीचं वाटलं."

तिने सगळे डिफॉल्ट काढून टाकले, आणि प्रत्येक ठिकाणी चौथा फाटा लिहायला घेतला. पहिल्या स्विचमध्ये चारही प्रकार, चारही उत्तरं नीट लिहिली. कंपायलरने तळाशी लाल रेघ मारली: 'मिसिंग रिटर्न स्टेटमेंट'. उत्तर राहिलंय.

तिने पुन्हा वाचलं. गेस्टला उत्तर आहे. स्टाफला आहे, व्हेंडरला आहे, वहिवाटीला आहे. राहिलं कोण? तिने कंस तपासले. फाइल बंद करून उघडली. मशीन बंद करून चालू केलं, जे सगळेच करतात आणि कोणीच कबूल करत नाही. रेघ हलली नाही.

"सर, चार प्रकार आहेत, चारही लिहिलेत. आता आणखी काय रिटर्न करू, माझं डोकं?"

"डिफॉल्ट."

"पण पाचवा आहेच कोण?"

"नाहीच आहे ना? मग टाक की. नसलेल्या माणसाला लावल्याने कुणाचं काय बिघडतं?"

"सर, आत्तापर्यंत वहिवाटवालेही नसलेलेच होते."

अनुपमने कॅलेंडरकडे बोट दाखवलं. तो वाईट माणूस नाही. त्याच्यासमोर फाटकांच्या उद्घाटनाची तारीख होती आणि त्याच्या मते एरर ही बुजवायची गोष्ट होती, खड्ड्यासारखी.

दर्शना मात्र इरेला पेटली. जेवणाचा डबा उघडा ठेवून ती वाचत बसली. कॉलेजात सरांनी एनमचा धडा पडद्यावरून वाचून दाखवला होता आणि 'हे परीक्षेला येत नाही' असं सांगितलं होतं. दुपारभर धडपडून तिला गोम कळली. जुन्या पद्धतीच्या स्विचमध्ये कंपायलर यादी मोजतच नाही. तो म्हणतो, आज चार असतील, उद्या कोणी पाचवा घातला तर? त्या पाचव्याचा रस्ता कुठेच पोचत नाही, तेव्हा मी हे मान्य करणार नाही. यावर लोक डिफॉल्ट टाकतात आणि त्याचं तोंड बंद करतात. पण जावात आता नव्या पद्धतीचा स्विच आहे, प्रत्येक प्रकारापुढे बाण काढून उत्तर हातात देणारा. त्यात कंपायलर यादी स्वतः मोजतो. सगळ्यांना उत्तर असेल तर डिफॉल्ट मागत नाही. एक जरी सुटला तर मात्र अडून बसतो: 'सगळ्या शक्यतांना उत्तर दिलेलं नाही.'

तिने सगळे जुने स्विच नव्या पद्धतीचे केले. स्क्रीनवर लाल रेघांचं पीक आलं.

"हे काय करून ठेवलंस?" अनुपम मागे येऊन उभा राहिला. "सकाळी हिरवं होतं."

"सकाळी खोटं हिरवं होतं सर. आता तो विचारतोय. इथे वहिवाटवाल्याचं काय करायचं, तिथे काय करायचं. हे एरर नाहीतच. प्रश्न आहेत."

"उत्तरं कोण देणार?"

"ज्यांची वाट आहे ते."

रविवारी ती चंद्राबाईकडे गेली. भात कापून झालं होतं, पेंढ्या शेतातच वाळत होत्या, आणि एक-दोन दिवसांत भारे बांधून ते खळ्यावर आणायचे होते. खळं गावात, शेत पलीकडे. म्हणजे सगळे भारे डोक्यावरून लहान फाटकातूनच येणार. चंद्राबाई ओट्यावर भारे बांधायचे पेंढ्याचे बंद वळत बसली होती. दर्शनाने मोबाइलवर प्रश्न काढले.

"आत्या, तुजा यजमान कोन लिहू? म्हंजे तू कुनाकडं आलीस?"

"मी कुनाकडं आले? ते आल्यात माज्याकडं. मीच यजमान. लिही, चंद्राबाई."

दर्शनाने लिहिलं.

"ओळखपत्र कुठं दाखवशील?"

"डोक्यावर भारा, दोनी हात वर. दातात धरू का?"

"बरं. सामान तपासायचं का?"

"तपास की. भाऱ्यात उंदीर घावला तर त्येंलाच ठेव म्हनाव. पाव्हन्यांना खेळाया व्हईल."

"मुक्काम कदीपर्यंत?"

"मरंस्तवर." मग आत्याने स्वतःच दुरुस्ती केली. "मरंस्तवर नाय. त्येच्यानंतर पन येकदा जायचं हाय. मसनवट पलीकडंच हाय ना."

"मग चेकआउट कसं करायचं तुजं?"

"त्ये तुमीच करा गं. चार मानसं लागत्यात."

दर्शना हसत होती आणि लिहीत होती. यजमान ती स्वतःच. ओळखपत्र लागू नाही. तपासणी नाही. मुक्कामाची मर्यादा नाही. प्रत्येक उत्तरामागे एक लाल रेघ जाणार होती. मग शेवटचा प्रश्न आला.

"परवानगी कुनाची?"

चंद्राबाईचे हात थांबले. "कसली?"

"जायची. आत सोडलं तर कुनी सोडलं, त्येचं नाव लागतं. फ्रंट डेस्क, मॅनेजर, न्हायतर मालक. तिगांतला येक."

"कोन इचारतंय?"

"कंपायलर."

"त्येचं गाव कुठलं?"

"आत्या, मशीन हाय त्ये."

"मग मशीनला कशाला सांगू? त्येचा बा आला व्हता का हितं भात लावाया?" तिने वळलेला बंद बाजूला टाकला. "इहिरीची वाट आठवती का तुला? तू ल्हान व्हतीस."

दर्शनाला अंधूक आठवत होतं. गावाच्या वरच्या अंगाला एक फार्महाऊस झालं होतं, आणि त्याच्या कुंपणातून विहिरीकडे वाट होती. फार्महाऊसवाल्यांनी मोठ्या मनाने बायकांना पास दिले. फोटोचे, प्लॅस्टिकमध्ये बसवलेले. सगळ्या खूश. चंद्राबाईने तर आपला पास बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावून ठेवला होता. फोटो चांगला आला होता. मग वॉचमन बदलला, आणि नव्या वॉचमनने सांगितलं की पास संपलेत.

"आमी म्हनलं, वाट आमची हाय. त्यो म्हनला, मग पास कशाला घेतला व्हता? काय सांगनार त्येला? पास नव्हता तवर कुनी इचारत नव्हतं. पास घेतला आन् वाट त्येंची झाली." आत्याने दर्शनाकडे रोखून बघितलं. "तू कुनाचं बी नाव लिही दर्शे, मी त्या फाटकातनं जानार न्हाय. कुंपन तोडून जाईन. आन् तोडताना तुजं नाव सांगंन."

विनोदाचा भाग तिथे संपला.

सोमवारी दर्शनाने एक सोडून सगळ्या प्रश्नांना उत्तरं लिहिली. लाल रेघा एकेक करत गेल्या. एकच उरली, परवानगीच्या स्विचवर. तिने तिथे 'काहीच नाही' असं रिकामं उत्तर देऊन बघितलं. कंपायलरने ते घेतलं, पण नोंद छापायच्या वेळी प्रोग्रॅम कोसळला. नावाशिवाय नोंद छापता येत नव्हती. मग तिने परवानगी देणाऱ्यांच्या यादीत 'गरज नाही' असा एक नवा पर्याय घालायचं ठरवलं आणि रुपेशला विचारलं. रुपेशने मालकांना विचारलं आणि संध्याकाळी स्वतःच कर्जतला आला.

"साहेब म्हणतात, आत आलेल्या प्रत्येकाला कोणाची तरी परवानगी पाहिजे. परवानगी नाय तर तो घुसखोर. घुसखोराला अलार्म वाजणार."

"म्हणजे आत्या एक तर तुमच्या मेहरबानीवर, नाहीतर चोर?"

"आम्ही कुठं तसं म्हणतो ताई? सिस्टीम म्हणते."

"सिस्टीम मी लिहितेय, रुपेशदादा. तिने अजून तोंडसुद्धा उघडलेलं नाही."

रुपेशने टाय सैल केला आणि अनुपमकडे बघितलं. अनुपमने दर्शनाकडे बघितलं.

"माझं नाव लिहा," रुपेश म्हणाला. "मॅनेजर. मी देतो परवानगी, रोज देतो. मला काय प्रॉब्लेम नाय. मी काय मावशींना अडवणार हाय का?"

"तुम्ही नाही अडवणार. तुम्ही बदलून गेलात की नवीन येईल तो अडवील. रोज सकाळी नोंद होणार, 'परवानगी: मॅनेजर'. वर्षभराच्या नोंदी झाल्या की ती वाट परवानगीची झाली. दिलेली परवानगी काढून पण घेता येते."

"फार पुढचा विचार करतेस तू," अनुपम म्हणाला.

"मागचा करतेय सर. विहिरीचा."

रुपेश गेल्यावर अनुपमने खुर्ची ओढून घेतली.

"दर्शना, एक ओळ आहे. डिफॉल्ट, बाण, मॅनेजर. रेघ जाईल, फाटक उघडेल, तुझी आत्या घरी जाईल. सगळ्यांना तेच हवंय ना?"

"आत्या जाईल. वाट राहणार नाही."

"तू प्रोबेशनवर आहेस."

"माहितेय. म्हणून आत्ता सांगतेय. नंतर सांगितलं तर म्हणाल, आधी का नाही बोललीस."

"मी टाकायला सांगतोय, आणि तू नाही म्हणतेस. बरोबर?"

"बरोबर. तुमच्याकडे पासवर्ड आहे सर, तुम्ही टाका. प्रत्येक ओळीशेजारी ती कुणी लिहिली त्याचं नाव राहतं, तिथे तुमचं राहील. माझं राहणार नाही. त्या फायलीत माझं नाव फक्त त्या एररशेजारी राहील, आणि तो एरर बरोबर आहे. तिथे उत्तर नाहीच. तुम्ही मला काढा, दुसरा आणा, तो पुण्याला जाईल, तिसरा आणा. कंपायलर सगळ्यांना हेच विचारणार आहे."

अनुपमने तिला उठायला सांगितलं आणि स्वतः बसला. डिफॉल्ट टाइप केलं. बाण टाइप केला. मग थांबला, जिन्याच्या कठड्यापाशी गेला आणि खाली हाक मारली. त्याला पाठिंबा हवा होता, आणि घरातला वकील फुकट होता.

"आई, एखाद्याला वहिवाट आहे. आपण रोज त्याला परवानगी दिल्याची नोंद ठेवली, तर काही बिघडतं का?"

खालून आसावरीबाईंचा आवाज आला, कागद चाळता चाळता. "नोंद ठेवणाऱ्याचं काहीच बिघडत नाही. उलट पुढेमागे कोर्टात मी त्याच्या बाजूने उभी राहिले, तर त्या नोंदी म्हणजे सोनं. हक्काने जात होतो म्हणायला समोरच्याला जागाच उरणार नाही."

"आणि तू समोरच्याच्या बाजूने उभी राहिलीस तर?"

"तर मी पहिलं विचारीन, हे सॉफ्टवेअर कोणी लिहिलं. कोणी लिहिलंय?"

अनुपम परत येऊन बसला. त्याने बाण पुसला, मग डिफॉल्ट पुसलं, एकेक अक्षर करत. लाल रेघ आपल्या जागी परत आली.

"ह्याला हक्क वगैरे म्हणू नकोस," तो म्हणाला. "फेज टू म्हण."

आपल्याकडे बांधकामात 'पुढच्या पावसाळ्यानंतर' म्हणतात, तसं सॉफ्टवेअरमध्ये फेज टू. मोठ्या फाटकासाठी जुनी, तीन प्रकारांचीच प्रत बसवायची. लहान फाटकाचं काम दुसऱ्या टप्प्यात. तसा ईमेल निसर्गमौनला गेला. त्यात 'काही तांत्रिक बाबींमुळे' असे शब्द होते. दर्शनाने ते वाचले आणि 'तांत्रिक' खाली रेघ मारून परत पाठवले. अनुपमने दुर्लक्ष केलं.

उद्घाटनाच्या सकाळी मोठ्या फाटकाला फीत लावलेली होती. मालक आले होते, सनईची रेकॉर्ड लागली होती, आणि दर्शना कंपनीतर्फे लॅपटॉप घेऊन उभी होती. पहिली गाडी आली, हिरवा दिवा लागला, टाळ्या झाल्या. त्याच वेळी मागच्या बाजूला भातभाऱ्यांची रांग लहान फाटकाशी येऊन थांबली. फाटक बसवून झालं होतं, मोटरही होती, पण तिला उघड म्हणणारं सॉफ्टवेअर नव्हतं, आणि ते हाताने ढकललं तर स्प्रिंगने परत मिटत होतं.

रुपेश धावत आला. पाठोपाठ दर्शना. रांगेत सगळ्यांत पुढे चंद्राबाई, डोळ्यांपर्यंत भारा.

"मावशी, एक मिनिट," रुपेशने फाटक ढकलून धरलं. "जा, जा तुमी. मी धरतो."

चंद्राबाई जागची हलली नाही.

"तू सोडतुयास का मला?"

"हो, म्हंजे—" त्याने दर्शनाकडे बघितलं. ती लॅपटॉप छातीशी धरून, ओठ मिटून उभी होती. काहीही मदत करण्याचा तिचा विचार दिसत नव्हता. "नाय मावशी. मी नुसतं फाटक धरलंय. ते आपोआप मिटतं म्हणून."

"मंग हात कशाला दुखवतो? दगड लाव की रं."

रुपेशने इकडेतिकडे बघितलं. रिसॉर्टच्या हद्दीत कामाचा दगड नव्हता. होते ते पांढरे, गुळगुळीत, शोभेचे. त्यातले दोन त्याने लावून बघितले. फाटकाने ते सरकवले. मागच्या बायका भाऱ्याखालून हसायला लागल्या.

"पाव्हन्यांचा दगड हाय त्यो," कुणीतरी म्हणालं. "त्यो काय काम करनार?"

शेवटी दर्शनाने लॅपटॉप खाली ठेवला, आणि ती आणि रुपेश मिळून ओढ्यातून एक काळा दगड घेऊन आले. रुपेशचा टाय चिखलात बुडाला. दगड बसला. फाटक त्याच्यावर दोनदा आपटलं आणि गप्प झालं. चंद्राबाई रुपेशकडे न बघता, दर्शनाकडेही न बघता निघून गेली. तिच्यामागून बाकीच्या. भाऱ्यांच्या कडा फाटकाच्या खांबाला घासत गेल्या आणि लोंब्यांतले दाणे सिमेंटवर सांडले. मालक मागे आले तेव्हा वाट रिकामी होती. त्यांनी दाणे बघितले आणि झाडून घ्यायला सांगितलं.

यापुढील स्थिती पुढीलप्रमाणे. कुमारी दर्शना सोनावळे हिचा परिवीक्षा कालावधी वाढविण्यात आला आहे. कारण नमूद नाही. तिच्या मशीनवरील परवानगीच्या स्विचमध्ये एक त्रुटी कायम असून, त्या ओळीवर 'इथे कुणाचंही नाव लिहू नये' अशी सूचना मराठीत आहे. सदर सूचना वाचून एका नवीन उमेदवाराने डिफॉल्ट टाकण्याचा प्रयत्न केला असता तिने त्याला शेतावर नेऊन आणले. कंपनीच्या ताज्या प्रगती अहवालानुसार लहान फाटकावरील स्वयंचलित प्रवेश नियंत्रण प्रणालीची अंमलबजावणी दुसऱ्या टप्प्यात प्रगतिपथावर आहे.

फाटकाला दगड लावलेला आहे.